शिदोरी होती, पाणी नव्हते : विद्यार्थी भीमरावांच्या ताटाची गोष्ट



भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले की खाडीचा खारा वारा आणि मिठागरे सोबत येतात. याच रस्त्यावर आमचे राई गाव. गेल्या पावसाळ्यात राईतल्या एका घराच्या ओट्यावर आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. आमच्यातली एक मुलगी शिष्यवृत्ती मिळवून शिकायला लंडनला निघाली होती आणि तिची आई बॅग भरत होती. काटा समोर ठेवलेला. पुस्तके काढली, स्वेटर काढला, पण पापडाचे पुडके आणि घरच्या मसाल्याची बरणी काही आई काढू देईना. मुलगी वैतागली. तिथे सगळे मिळते, हे ओझे कशाला, असे तिचे म्हणणे. तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी सहज सांगितले की बाबासाहेबांनीही लंडनमध्ये पापडावर रात्री काढल्या आहेत. पुडके मुकाट्याने बॅगेत गेले.

त्या संध्याकाळी आमच्या लक्षात आले, की बाबासाहेबांच्या पदव्या आम्हाला पाठ आहेत. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ, हे आम्ही भाषणात एका दमात म्हणतो. पण या पदव्या मिळवताना ते काय जेवत होते, कोणाबरोबर जेवत होते आणि त्या जेवणाने त्यांना काय शिकवले, हे आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. म्हणून आम्ही चरित्रे पुन्हा उघडली. जे सापडले ते आज तुमच्यासमोर ठेवत आहोत.

मसूर स्टेशनवरची शिदोरी

परदेशातल्या ताटाची गोष्ट परदेशात सुरू होत नाही. ती सातारा जिल्ह्यात सुरू होते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. आई भीमाबाई लवकर गेल्या. १९०१ साली रामजीबाबा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदकामावर रोखपाल होते. सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले अशी चार पोरे नवे कपडे घालून, शिदोरी बांधून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, जात कळली आणि त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे मिळाले तरी गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे, असे ठरले.

वाटेत अंधार पडला. गाडीवान एका गावात जेवून आला. पोरांनी शिदोरी सोडली, पण प्यायला मिळाले ते शेणामुताने घाण झालेले डबके. त्याच्या वासानेच घास अडला. पुढे टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. डबा भरलेला, पोटात आग, आणि चार लेकरे उपाशी झोपली. अन्न होते, पाणी नव्हते. आणि पाणी का नव्हते, तर ती अस्पृश्य होती म्हणून. पुढे बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा हा प्रसंग सविस्तर नोंदवला. त्याचा ठसा आयुष्यभर राहिला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आम्ही हा प्रसंग अनेकदा ऐकला आहे. यावेळी मात्र एक गोष्ट नव्याने जाणवली. उपासमार नेहमी गरिबीनेच होते असे नाही. रामजीबाबांना पगार होता, पोरांच्या अंगावर चांगले कपडे होते, भाड्याचे पैसे होते, शिदोरीही होती. तरी ती उपाशी राहिली. पैसा आला की जात जाते, असे सांगणाऱ्यांना मसूरच्या रस्त्यावरची ती रात्र दाखवावी.

फळ्यामागचे डबे

साताऱ्याच्या शाळेत भीमराव गोणपाटावर वेगळे बसत. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर तहान तशीच. मुंबईला आल्यावर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, चित्र पालटेल असे वाटले होते. तिथे एकदा शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. वर्गात एकच गोंधळ उडाला. इतर मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमरावांनी फळ्याला हात लावण्याआधी मुलांनी धावत जाऊन आपापले डबे उचलले. मग त्यांना गणित सोडवता आले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथल्या उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. १९१३ च्या सुरुवातीला बी. ए. होऊन ते बडोद्यात नोकरीला गेले आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांचे निधन झाले.

म्हणजे बाविसाव्या वर्षापर्यंत या तरुणाने शाळा-कॉलेजात कोणाच्या शेजारी बसून, एका टेबलावर, निर्धास्तपणे चार घास खाल्ले असतील का, याचाच विचार करा. त्यानंतर तो बोटीत बसला.

न्यूयॉर्क : पहिले मोकळे टेबल

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. पण आठवडाभरातच तिथून निघाले. कारण जेवण. पदार्थ नीट शिजवलेले नसत आणि बरेचसे गोमांसाचे असत. ते त्यांना रुचेनात. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, जिथे भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांची राहण्याची सोय झाली.

परदेशी गेलेल्या कोणत्याही पोराची ही पहिली अडचण असते. राईहून लंडनला गेलेल्या आमच्या मुलीचा पहिल्या आठवड्यातला फोनही जेवणाबद्दलच होता. पण न्यूयॉर्कमध्ये भीमरावांना दुसरी एक गोष्ट सापडली आणि ती चवीपेक्षा मोठी होती. इथे कोणी डबा उचलून पळत नव्हते. खाणावळीत शिरताना कोणी जात विचारत नव्हते. पैसे दिले की ताट समोर येत होते आणि शेजारच्या खुर्चीवर कोणीही बसू शकत होते. सगळ्यांबरोबर बसणे, जेवणे, वावरणे यात अडथळा नाही, हा अनुभव त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता.

अर्थात अमेरिकेत सगळे आलबेल होते असे आम्ही म्हणणार नाही. कोलंबिया विद्यापीठापासून हार्लेम हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या खाणावळीत बसू देत नसत. ताट वेगळे ठेवण्याचा रोग एकट्या भारताचा नाही. म्हणूनच पुढे तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीही खाणावळीच्या काउंटरवर बसूनच लढा उभारला.

भीमरावांच्या हातात पैसे मोजकेच होते. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की एका वेळच्या जेवणाला एक डॉलर दहा सेंट पडत. त्यात एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा माशाचा एक पदार्थ. शिष्यवृत्तीतून घरीही पैसे पाठवायचे असत. मुंबईत परळच्या चाळीत रमाई घर चालवत होत्या. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या ताटातला एक वाटा रोज परळच्या चुलीसाठी बाजूला निघत होता. आणि उरलेल्यातून पुस्तके. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली.

नाटक-सिनेमा, मौजमजा यांपासून ते लांब राहिले. सेलिग्मन, ड्यूई, रॉबिन्सन, शॉटवेल, गोल्डनवायझर अशा शिक्षकांकडे शिकले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, ही त्यांची मांडणी त्यातलीच. ज्या मुलांनी फळ्यामागून डबे उचलले, त्यांनी ते का उचलले, याचे उत्तर तो मुलगा आता शास्त्र म्हणून मांडत होता.

भथेनांची मैत्री

नवल भथेना हे नाव आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात सुरू झालेली ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. लंडनमध्ये पैसे संपले तेव्हाही मदतीसाठी त्यांनाच पत्र गेले. एकत्र राहिलेली, एकत्र जेवलेली माणसे अडचणीत एकमेकांना आठवतात, एवढा साधा नियम यात आहे.

आणि याच आयुष्यात दुसरा एक पारशी प्रसंगही आहे. १९१६ मध्ये भीमराव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार बडोद्यात नोकरी करायची होती. शहरात एकही हिंदू खाणावळ त्यांना घेईना. मग एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक धर्मशाळेत आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही घरच्या अडचणी सांगून हात वर केले. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस रात्रीची गाडी येईपर्यंत एका सार्वजनिक बागेत बसून राहिला.

अमेरिका-युरोपातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. बडोद्याने ती परत आणली.

भथेना पारशी होते आणि काठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते. म्हणून आम्ही कोणत्याही समाजाला एका रंगात रंगवत नाही. प्रश्न धर्माच्या पाटीचा नाही. समोरचा माणूस तुमच्याबरोबर जेवायला बसतो की काठी घेऊन येतो, एवढाच आहे.

लंडनची रात्र

१९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्यावर खूश होते. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतलाच. माणूस शिकून परत आला होता. माठ होता तिथेच होता.

काटकसर करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी दीड हजार रुपयांची मदत केली. हे तेच शाहू महाराज, ज्यांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला लावले आणि स्वतः तिथे जाऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. राजाने एक कप चहा पिऊन जे सांगितले, ते दहा फर्मानांनीही साधले नसते. त्यांची मदत, भथेनांचे कर्ज आणि स्वतःची बचत घेऊन १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला पोहोचले.

हे दिवस सर्वांत कठीण. जिथे राहत तिथली घरमालकीण कडक आणि हात आखडता ठेवणारी होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडा जॅम आणि चहा. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताच हजर. दुपारच्या जेवणावर ना पैसा, ना वेळ. वाचनालय बंद झाले की बाहेर. रात्रीचे जेवणही जेमतेम. मग पुन्हा वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य होई. एका ओळखीच्या भारतीयाने त्यांना पापडांचे पुडके दिले होते. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे, ते पहाटेपर्यंत.

पापड देणाऱ्या त्या माणसाला इतिहासाने फारसे लक्षात ठेवले नाही. पण विचार करा. ज्या ग्रंथाने रुपयाच्या प्रश्नावर जगाला विचार करायला लावले, त्याच्या मागे कोणीतरी सहज दिलेले पापडाचे एक पुडकेही आहे. दान मोठे असावे लागत नाही. ते वेळेवर पोहोचावे लागते.

उत्तर लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. लंडनला जाणारा आपला प्रत्येक विद्यार्थी तिथे जाऊन येतो. पुढच्या वेळी गेलात तर पुस्तके आणि फोटो पाहाच, पण त्या रात्रींची भूकही थोडी आठवा.

ग्रेज इनचे जेवण

आता एक अशी गोष्ट, जी आम्हालाही फार उशिरा कळली.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचे तर नुसती परीक्षा पास होऊन भागत नसे. ज्या इनमध्ये नाव घातले, तिच्या भोजनगृहात दर टर्मला ठरावीक वेळा सर्वांसोबत जेवायला बसावेच लागे. हजेरी मोजली जाई ती जेवणाची. ग्रेज इनमध्ये लांब टेबलांवर चौघाचौघांचा गट बसतो आणि त्या चौघांचे जेवण एकत्र येते. जेवला नाहीत तर टर्म भरली नाही आणि टर्म भरली नाही तर सनद नाही.

ज्या मुलाला सातारच्या शाळेत पेल्याला हात लावता येत नव्हता, ज्याच्या सावलीने डबे बाटत होते, त्याला वकिलीची सनद मिळवायला सर्वांच्या पंगतीत बसून जेवणे कायद्याने सक्तीचे होते. इथे पंगत म्हणजे बाहेर ठेवण्याचे साधन. तिथे तीच आत घेण्याची अट. माणूस बरोबर बसून जेवला, बोलला, वाद घातला, तरच तो आपल्या व्यवसायातला सोबती होतो, अशी ती जुनी रीत. तिच्यात इंग्रजी थाट होता, वर्गाचा तोराही होता. पण जातीचा प्रश्न नव्हता.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी. एस्सी. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात मुंबईत परत. कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये मिळाली.

परदेशातून काय आणले

परत आल्यावर बाबासाहेबांनी काय केले ते ताटाच्या नजरेने पाहा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. वसतिगृह म्हणजे काय? छप्पर, दिवा आणि दोन वेळचे जेवण. उपाशीपोटी शिकणे किती कठीण असते, हे ज्याने स्वतः भोगले होते, त्याने पोरांच्या जेवणाची सोय आधी केली.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला आणि शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणे बंद करायला सांगितले. आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मसूरच्या वाटेवर जे पाणी चार लेकरांना मिळाले नाही, ते हजारोंनी मिळून घेतले. आम्हाला हा एकच प्रवास वाटतो.

१९२८ मध्ये लोकमान्य टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी पुण्यात गायकवाड वाड्यात समता संघाची शाखा काढली आणि सहभोजन घडवले. बाबासाहेब तिथे गेले. पण सहभोजन म्हणजे जातीचा अंत, असे त्यांनी कधी मानले नाही. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी स्पष्ट मांडले की अनेक जाती एकमेकांत जेवतात, तरी त्यांच्यातली जात जात नाही. बेटीव्यवहार आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या धर्मग्रंथांची सत्ता यांना हात घातल्याशिवाय जात मरणार नाही. जेवण ही सुरुवात आहे, शेवट नाही. आज कोणी दलिताच्या घरी जेवतानाचा फोटो टाकून समता आली म्हणतो, तेव्हा हे आठवायला हवे.

आणखी एक गोष्ट. हार्टले हॉलचे गोमांस ज्याला रुचले नव्हते, त्याच माणसाने १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमावरच्या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध शोधला. प्राचीन काळी कोण काय खात होते आणि त्यावरून कोणाला बाहेर टाकले गेले, हे न डगमगता लिहिले. स्वतःची आवड वेगळी, दुसऱ्याच्या ताटाबद्दल बोलायचा अधिकार वेगळा. मला रुचत नाही, एवढे म्हणायला हरकत नाही. मला रुचत नाही म्हणून तू हीन, हे म्हणणे म्हणजे जात.

आजचे ताट

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे, असे म्हणून पुस्तक मिटावे तर आजूबाजूला पाहवत नाही. आमच्यापैकी काहींनी मीरा-भाईंदरमध्ये भाड्याने घर शोधताना पहिला प्रश्न ऐकला आहे तो आडनावाचा आणि दुसरा मांसाहाराचा. दोन्ही प्रश्न एकच असतात. वसतिगृहांच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांची टेबले वेगळी करण्याचे वाद आपण वाचले आहेत. परदेशी गेलेली आपली मुलेही सांगतात की तिथे गोऱ्या सोबत्याने जात विचारली नाही. आपल्याच देशातल्या मुलांनी खोली वाटून घेण्याआधी ताट विचारले. जात विमानात बसून जाते. म्हणून तर फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

दुसरीकडे मार्गही रुंद झाला आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांतून आपली मुले-मुली दरवर्षी जगातल्या मोठ्या विद्यापीठांत जात आहेत. एका भीमरावाने एकट्याने ओढलेली वाट आज पुष्कळांची झाली आहे. मग त्या वाटेवर पापडाचे पुडके घेऊन कोण उभे राहणार?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जे आधी गेले आहेत त्यांनी नव्याने येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जेवायला बोलवावे. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला की पोरे संकोचाने एक वेळ जेवतात आणि घरी सांगत नाहीत, त्यांना विचारावे. आपले जेवण लपवू नये. सुकट, भाकरी, चटणी डब्यात असेल तर डबा उघडून मध्ये ठेवावा आणि शेजारच्याचेही चाखून पाहावे. केनियाची, व्हिएतनामची, ब्राझीलची मुले काय खातात ते शिकावे. चव आवडली नाही तर नाही म्हणावे, पण नाक मुरडू नये. नाक मुरडणे काय असते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आणि आपल्याच समाजबांधवांत उपजातीवरून किंवा ताटावरून कोणी भेद केला, तर तिथेही गप्प बसू नये.

भगवान बुद्धांच्या संघात नाभिक उपाली आणि शाक्य राजपुत्र एकाच संघाचे झाले, आणि उपालीला आधी दीक्षा मिळाल्याने राजपुत्रांनी त्याला वंदन केले. भिक्खू भिक्षापात्र घेऊन घरे न निवडता ओळीने जात. श्रीमंताचा भात आणि गरिबाची पेज एकाच पात्रात पडे. त्या पात्रात कोणता घास कोणाच्या घरचा, हे वेगळे काढता येत नसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला ज्या धम्माच्या ओटीत घातले, तो हा धम्म आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही भाईंदरहून लोकल पकडून दादरला जातो. चैत्यभूमीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अन्नदानाचे टेबल लागलेले असतात. भात, भाजी, केळी, पाणी. कोणी नाव विचारत नाही, कोणी गाव विचारत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माय ताट घेते आणि तिथेच कडेला बसून जेवते. गेल्या वेळी त्या गर्दीत पाण्याचे वाटप करताना आमच्या मनात मसूरच्या रस्त्यावरची चार लेकरे होती.

राईची ती मुलगी आता लंडनमध्ये रुळली आहे. पापड महिन्याभरातच संपले, पण एकटीने खाल्ले नाहीत, असे तिने कळवले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती पापड भाजत होती, तेव्हा वासाने चार जणी गोळा झाल्या. त्यातल्या एकीने तिला आपल्या देशाचा भात खाऊ घातला. पुढच्या खेपेला जो कोणी जाईल त्याच्याबरोबर दोन पुडकी जास्त पाठवा, एवढाच तिचा निरोप आहे.

आई आतापासून उडीद निवडायला बसली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!